ज्याला लोकांनी सहा वेळा निवडलं

१० ऑगस्ट १९९१ रोजी ॲरिझोनातल्या फीनिक्स शहराच्या पश्चिमेला, शेतांच्या भागातल्या वाट प्रोमकुणाराम या थाई बौद्ध विहारात नऊ मृतदेह सापडले. त्यांत सहा भिक्षू होते, एक म्हातारी भिक्षुणी होती. सगळ्यांना पालथं पाडून डोक्यात मागून गोळ्या घातल्या होत्या. तपास मॅरिकोपा काउंटीच्या शेरीफकडे आला. त्याच्या माणसांनी टूसॉनहून काही तरुणांना उचलून आणलं, तासन् तास प्रश्नांचा भडिमार केला आणि चौघांकडून कबुलीजबाब घेतले. चौघंही निर्दोष होते. ज्या रायफलीतून गोळ्या सुटल्या ती त्याच काळात खात्याच्या ताब्यात येऊन, तपासणीला न जाता पडून होती. ती तपासली गेल्यावर दोन कोवळ्या वयाची पोरं पकडली गेली आणि टूसॉनचे तरुण सुटले.

या प्रकरणाने त्या शेरीफची खुर्ची डळमळली. १९९२च्या निवडणुकीत, पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या रिपब्लिकनांच्या प्राथमिक फेरीतच त्याला एका निवृत्त अमली पदार्थविरोधी अधिकाऱ्याने हरवलं. त्या अधिकाऱ्याचं नाव जो आर्पायो. वय ६०. त्याने शब्द दिला होता की एकच कार्यकाळ काम करीन. प्रत्यक्षात तो सहा वेळा निवडून आला आणि १९९३पासून २०१६ संपेपर्यंत, सलग २४ वर्षं, त्या खुर्चीवर बसला.

मी विहाराची गोष्ट आधी सांगते, कारण आर्पायोबद्दल बोलताना ती सहसा कुणी सांगत नाही. खात्याने निरपराध माणसं धरली म्हणून लोक चिडले होते. तो राग रास्त होता. पण त्या रागातून जो माणूस पुढे आला त्याच्या राज्यात निरपराध माणसं धरणं हा अपघात राहिला नाही, ते धोरण झालं. आणि बराच काळ लोकांना ते आवडलं. मला छळतं ते हे आवडणं. आर्पायोबद्दल मी जेवढं वाचलं आहे, त्यात त्याच्यापेक्षा जास्त मी त्याच्या मतदारांचा शोध घेत आले आहे. ते माझे शेजारी आहेत. चँडलरमध्ये, जिथे मी राहते, ते मला सकाळी हात करतात आणि माझ्या मुलाला दारावरून शाळेत सोडतात.

मराठी वाचकासाठी आधी पदाबद्दल सांगायला हवं. आपल्याला मुंबईचे नगरपाल माहीत आहेत: सरकारने वर्षभरासाठी नेमलेले, मानाचे, हातात पोलीस नसलेले. अमेरिकेतला काउंटी शेरीफ याच्या अगदी उलट. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा. अमेरिकेत तीन हजारांवर शेरीफ आहेत आणि बहुतेक सगळे थेट मतांनी निवडून येतात. शहरांना त्यांची वेगळी पोलीस खाती असतात, पण शहराबाहेरचा भाग आणि मुख्य म्हणजे काउंटीचा तुरुंग शेरीफच्या हातात. जिल्ह्याचे पोलीस अधीक्षक आणि तुरुंग अधीक्षक एकच माणूस आहे, त्याची बदली कुणी करू शकत नाही, त्याला वरिष्ठ नाही, आणि दर चार वर्षांनी तो मतं मागायला दारात येतो, अशी कल्पना करा. काउंटीच्या बोर्डाकडे फक्त बजेटाची दोरी असते. मॅरिकोपा ही काही लहानशी वस्ती नाही. २०२०च्या जनगणनेत तिथे ४४ लाख माणसं होती, त्यांतली साधारण तीस टक्के लॅटिनो, म्हणजे मेक्सिको आणि इतर लॅटिन अमेरिकी देशांतल्या वंशाची.

आर्पायोचं आयुष्य कोरडेपणाने वाचता येत नाही. तो १४ जून १९३२ रोजी मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड गावी जन्मला आणि त्याला जन्म देताना आई गेली. आईवडील दोघंही इटलीहून आलेले. वडिलांचं किराण्याचं दुकान होतं. पोर नातेवाइकांकडे आणि इतरांच्या घरी वाढलं. पुढे सैन्य, मग वॉशिंग्टनमध्ये पोलीस, थोडे दिवस लास व्हेगास, आणि १९५७पासून अमली पदार्थविरोधी खात्यात पंचवीस वर्षं. तुर्कस्तानात काम केलं, मेक्सिको सिटीत केलं. शेवटी ॲरिझोनाचा प्रमुख होऊन १९८२ साली निवृत्त झाला आणि बायकोच्या प्रवासी कंपनीत काम करू लागला. परदेशातून आलेल्या आईवडिलांचा मुलगा, स्वतः वर्षानुवर्षं परक्या देशांत राहिलेला, मेक्सिकन अधिकाऱ्यांबरोबर काम केलेला. त्याला परक्यांची ओळख नव्हती असं कुणी म्हणू शकणार नाही.

ऑगस्ट १९९३मध्ये त्याने टेंट सिटी उघडली. तुरुंगात जागा पुरत नव्हती आणि नव्या इमारतीला पैसे नव्हते. आर्पायोने कोरियन युद्धाच्या वेळचे लष्करी तंबू मिळवले आणि फीनिक्सच्या औद्योगिक भागात, काउंटीच्या एका जुन्या तुरुंगाशेजारी, खडीवर उभे केले. वातानुकूलन नाही. फीनिक्सचा उन्हाळा ज्याने काढला नाही त्याला हे वाक्य नीट कळायचं नाही. जून-जुलैत इथे ११० डिग्री फॅरनहाइट, म्हणजे ४३ सेल्सिअस, हा साधा दिवस असतो. गाडीच्या स्टिअरिंगला हात लावता येत नाही, रात्री नळाला येणारं थंड पाणीही कोमट असतं. २०११च्या उन्हाळ्यात तंबूंच्या आत १४५ डिग्री नोंदले गेले, म्हणजे जवळजवळ ६३ सेल्सिअस. तक्रार करणाऱ्यांना आर्पायोचं उत्तर ठरलेलं असे: इराकमध्ये आमचे सैनिक अशाच तंबूंत राहतात आणि त्यांनी तर काही गुन्हाही केलेला नाही.

मग एकेक गोष्ट वाढत गेली. कॉफी बंद. सिगारेट बंद. मीठ-मिरपूड बंद. दिवसातून दोनच जेवणं. कैद्याच्या जेवणापेक्षा कुत्र्याच्या जेवणावर आम्ही जास्त खर्च करतो, हे तो अभिमानाने सांगे. पांढरी अंतर्वस्त्रं कैदी चोरून नेतात असं कारण देऊन सगळ्या पुरुष कैद्यांना गुलाबी अंतर्वस्त्रं दिली. त्या गुलाबी चड्ड्यांवर सही करून तो त्या बाहेर विकायलाही लागला. जुन्या सिनेमांतले काळे-पांढरे पट्टे अंगावर आले. १९९५मध्ये पायांत साखळ्या घातलेल्या कैद्यांच्या टोळ्या रस्त्यावर कामाला निघाल्या, वर्षभरात बायकांचीही टोळी निघाली, बेवारस मृतांना पुरण्याच्या कामावर. २००० साली कैद्यांना कोठडीत आणतानाचं चित्रण त्याने इंटरनेटवर थेट दाखवायला सुरुवात केली. अपील न्यायालयाने पुढे ते बेकायदा ठरवलं. आणि त्याच सुमारास, छळातून सोडवलेल्या कुत्र्या-मांजरांसाठी त्याने एका जुन्या तुरुंगात निवारा केला. तो वातानुकूलित होता. प्राण्यांची काळजी घ्यायला कैदी तिथे जात आणि संध्याकाळी तंबूत परत येत.

प्राण्यांना गारवा मिळाला याबद्दल माझी तक्रार नाही. पण गारवा देता येतो, पैसा आहे, इमारत आहे, हे त्यातून सिद्ध झालं. माणसांना उन्हात ठेवणं ही अडचण नव्हती, ती निवड होती.

एका उन्हाळ्यात माझे सासरे अप्पा साताऱ्याहून आमच्याकडे आले होते. आयुष्यभर पाटबंधारे खात्यात, हातून एक पैसा इकडचा तिकडे झाला नाही असा माणूस. टीव्हीवर पट्ट्यांच्या कपड्यांतले कैदी झाडू मारताना दाखवले. अप्पा खुर्चीत पुढे सरकून म्हणाले, "अगं, असा एक माणूस आपल्याकडे दिला तर सहा महिन्यांत सगळे सुतासारखे सरळ होतील." मी म्हटलं, "अप्पा, हे झाडणारे शिक्षा झालेले असतील. पण याच्या तुरुंगांतल्या बहुतेकांवर अजून खटलाच चाललेला नाही."

"मग आत कसे?"

"जामिनाला पैसे नाहीत म्हणून."

अप्पा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे आपले कच्चे कैदीच की." तालुक्याच्या गावी त्यांच्या ओळखीतला एक मुलगा किरकोळ मारामारीत आत गेला आणि तारखा पडत राहिल्या, ते त्यांनी सांगितलं. भारतातल्या तुरुंगांत चारांतले तीन जण कच्चे कैदी आहेत, हे त्यांना मी नंतर वाचून दाखवलं. अप्पांचं मत पूर्ण बदललं असं मी म्हणणार नाही. पण "सरळ करणे" हा शब्द त्यांनी त्या दिवसानंतर माझ्यासमोर वापरला नाही.

मी अप्पांवर रागावले नाही, कारण हे कौतुक मला ओळखीचं आहे. नव्वदच्या दशकात मुंबईत एन्काउंटर करणाऱ्या अधिकाऱ्यांचे आकडे वर्तमानपत्रांत छापून येत आणि घराघरांत ते क्रिकेटच्या धावसंख्येसारखे वाचले जात. कायदा हळू चालतो, वकील पळवाटा काढतात, तेव्हा कुणीतरी मधला रस्ता तोडून थेट हिशेब चुकता करावा, ही भूक सगळीकडे आहे. आर्पायोने ती भूक ओळखली आणि तिला रोज घास भरवला. कॅमेरा दिसला की तो थांबायचाच. जगभरचे पत्रकार टेंट सिटी बघायला येत, राष्ट्राध्यक्ष व्हायला निघालेले उमेदवार पाठिंबा मागायला येत.

या सगळ्याने गुन्हे कमी झाले का? त्याच्याच खात्यासाठी ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या अभ्यासकांनी १९९८ साली केलेल्या अभ्यासात, आधी सुटलेले कैदी आणि आर्पायोच्या काळात सुटलेले कैदी यांच्या पुन्हा गुन्ह्याकडे वळण्यात फरक सापडला नाही. तरी तंबू उभेच राहिले.

माणसं मेलीही. १९९६मध्ये एक कैदी जेलच्या बांधून ठेवणाऱ्या खुर्चीत, डोकं दाबलेल्या अवस्थेत गुदमरून गेला. काउंटीने त्याच्या कुटुंबाला ८२.५ लाख डॉलर दिले. २००५मध्ये मधुमेहाची रुग्ण असलेली एक बाई इन्सुलिनवाचून गेली, सोबतच्या कैदी बायका मदतीसाठी ओरडत असताना. पुन्हा लाखो डॉलर. हा पैसा करदात्यांचा होता. २००८मध्ये संघीय न्यायाधीशांनी या तुरुंगांतली कच्च्या कैद्यांची अवस्था घटनेविरुद्ध असल्याचा निकाल दिला. खराब अन्न, उष्णता आणि औषधोपचारांची हेळसांड सगळं त्यात होतं. निवडणुकीच्या काही दिवस आधीची ती गोष्ट. आर्पायो त्या वर्षी पाचव्यांदा निवडून आला.

इथे एक प्रकरण थोडक्यात, कारण ते विहाराच्या गोष्टीशी जोडलेलं आहे. १९९९मध्ये आर्पायोच्या माणसांनी अठरा वर्षांच्या एका मुलाला शेरीफला बॉम्बने मारण्याच्या कटात पकडलं. टीव्हीचे कॅमेरे आधीच हजर होते. बॉम्बच्या सामानाचे पैसे खात्याच्या खबऱ्याने दिले होते. मुलगा जवळपास चार वर्षं तुरुंगात राहिला, मग ज्यूरीने त्याला निर्दोष सोडलं.

स्थलांतरितांचा विषय त्याने उशिरा उचलला. हे मला कळलं तेव्हा मी थक्क झाले. २००५च्या वसंतात सैन्याच्या राखीव दलातल्या एका माणसाने महामार्गावरच्या विश्रांतिस्थळी काही मेक्सिकन लोकांवर पिस्तूल रोखून त्यांना जमिनीवर झोपवलं. आर्पायोच्या डेप्युटींनी, म्हणजे त्याच्या हाताखालच्या पोलिसांनी, त्या पिस्तूलवाल्यालाच अटक केली, आणि आर्पायोने जाहीरपणे सांगितलं की कागदपत्रांविना असणं हा काही गंभीर गुन्हा नाही, माणसांवर बंदुका रोखायच्या नसतात. त्या क्षणी तो बरोबर होता. पण लोक खवळले. काउंटीचा नवा सरकारी वकील अँड्र्यू थॉमस बेकायदा स्थलांतराविरोधात प्रचार करून नुकताच निवडून आला होता. त्याने पिस्तूलवाल्यावर खटला भरायला नकार दिला. वारा कुठून वाहतो हे आर्पायोला कळलं. २००७पर्यंत त्याने केंद्र सरकारशी करार करून १६० माणसांना स्थलांतर कायद्याचे अधिकार मिळवून दिले होते आणि मोहिमा सुरू केल्या होत्या.

या मोहिमा अशा: एखादा भाग ठरवायचा, डेप्युटी आणि बंदुका घेतलेले स्वयंसेवक तिथे ओतायचे, तुटलेला दिवा, न दाखवलेला सिग्नल, तडा गेलेली काच अशा कारणांनी गाड्या थांबवायच्या आणि आतल्या माणसांचे कागद मागायचे. एप्रिल २००८मध्ये ग्वाडालुपेवर धाड आली. हे फीनिक्सला लागून असलेलं छोटं गाव, याकी आदिवासी आणि मेक्सिकन वंशाच्या लोकांचं, त्यांतले कित्येक पिढ्यान्‌पिढ्या अमेरिकन नागरिक. डोक्यावर हेलिकॉप्टर, रस्त्यात घोडेस्वार. गावच्या महापौर बाईंनी सगळ्यांसमोर आर्पायोला सांगितलं की तुम्ही इथे नको आहात.

माझं गाव चँडलर यापूर्वीच एका अशा प्रकारातून गेलेलं होतं. जुलै १९९७मध्ये शहर पोलीस आणि सीमा दलाने पाच दिवस रस्त्यांवर, बाजारांत, गाड्यांपाशी सावळ्या माणसांना थांबवून कागद मागितले होते. मी इथे आले तेव्हा चिपच्या कारखान्यांमुळे शहर भारतीय इंजिनियरांनी भरत होतं, पण ती आठवण जुन्या वस्त्यांत ताजी होती. मोहिमांच्या वर्षांत माझा नवरा व्हिसाच्या कागदांच्या प्रती गाडीच्या कप्प्यात ठेवायचा. मंडळाच्या गणपतीत याची चर्चा व्हायची. कुणीतरी म्हणायचं, "आपला काय संबंध? आपण कायदेशीर आहोत." मला तो प्रश्न तेव्हाही बोचायचा. १५ सप्टेंबर २००१ रोजी याच काउंटीतल्या मेसामध्ये बलबीरसिंग सोढी आपल्या पेट्रोल पंपासमोर फुलांची रोपं लावत असताना गोळ्या घालून मारले गेले. दाढी आणि पगडी बघून मारेकऱ्याने त्यांना अरब समजलं होतं. रंगावरून माणूस ओळखणाऱ्याला तुमचा व्हिसा दिसत नाही. आणि खरंच कायदेशीर नसलेल्या माणसालाही, त्याचा गुन्हा दिसण्याआधी त्याचा रंग बघून थांबवू नये, एवढं तरी आपण म्हणायला हवं होतं. आमच्यातल्या फार थोड्यांनी म्हटलं.

सप्टेंबर २००७मध्ये केव्ह क्रीक इथे एका पिकअपमधून चाललेल्या मेक्सिकन माणसाला डेप्युटींनी उतरवलं. गाडी चालवणारा गोरा होता, तो निघून गेला. उतरवलेल्या माणसाकडे वैध व्हिसा होता, तो त्याने दाखवला. तरी त्याला हातकड्या घालून काही तास डांबलं. त्याने खटला भरला, आणखी लॅटिनो नागरिक त्यात आले, आणि नागरी हक्कांच्या वकिलांनी तो मॅरिकोपातल्या सगळ्या लॅटिनो वाहनचालक-प्रवाशांच्या वतीने लढवला. त्या माणसाच्या आडनावावरून तो मेलेंद्रेस खटला म्हणून ओळखला जातो.

मोहिमा चालू असताना बाकीचं काम कोण करत होतं? ईस्ट व्हॅली ट्रिब्यून या स्थानिक वृत्तपत्राच्या दोन बातमीदारांनी २००८मध्ये खात्याच्या नोंदी उपसल्या आणि दाखवलं की डेप्युटी स्थलांतराच्या मागे गेल्यामुळे तातडीच्या फोनांना पोचायला उशीर होतोय आणि इतर तपास मागे पडलेत. त्यांना पुलित्झर मिळालं. पण सगळ्यांत भयंकर गोष्ट नंतर उघड झाली. काउंटीच्या वायव्येला एल मिराज हे कष्टकऱ्यांचं गाव. तिथलं पोलीसकाम २००५ ते २००७ शेरीफकडे होतं. गावाने आपलं खातं पुन्हा उभं केलं तेव्हा लैंगिक अत्याचाराच्या डझनावारी तक्रारी तपासाविना पडलेल्या सापडल्या. कित्येकांत बळी लहान मुलं होती. पूर्ण काउंटीत अशी ४०० हून जास्त प्रकरणं निघाली. बरीचशी मुलं कागदपत्रं नसलेल्या आईबापांची होती. या आईबापांनी, शेरीफच्या खात्याला घाबरण्याचं सगळं कारण असताना, फोन उचलून तक्रार दिली होती. डिसेंबर २०११मध्ये आर्पायोने बळी असतील तर त्यांची माफी मागतो असं म्हटलं. "असतील तर." मी आई आहे. त्या दोन शब्दांवरून मला त्या माणसाला कधीच क्षमा करता आलेली नाही.

विरोधकांचं काय होई तेही सांगते, लवकर, कारण यादी लांब आहे. फीनिक्स न्यू टाइम्स या साप्ताहिकाच्या दोन्ही संस्थापकांना ऑक्टोबर २००७मध्ये रात्री घरातून उचललं, कारण त्यांनी आपल्यावर बजावलेल्या, ग्रँड ज्यूरीच्या (खटला भरायचा का हे गुप्तपणे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाच्या) समन्सबद्दल छापलं होतं. त्या समन्समध्ये वाचकांची माहितीही मागितली होती. आरोप दुसऱ्याच दिवशी गळून पडले आणि काउंटीला पुढे ३७.५ लाख डॉलर मोजावे लागले. बजेटाची दोरी हातात असलेल्या काउंटी बोर्डाच्या सदस्यांवर थॉमस आणि आर्पायो यांनी मिळून खटले भरले, न आवडणारे निकाल देणाऱ्या एका न्यायाधीशावर लाचखोरीचा आरोप ठेवला. काहीही टिकलं नाही. २०१२मध्ये थॉमसची वकिलीची सनद काढून घेतली गेली. आर्पायोकडून काढून घेण्यासारखी सनद नव्हती. त्याची सनद मतदारांकडे होती, आणि त्या वर्षी त्यांनी तिचं नूतनीकरण केलं, जेमतेम निम्म्याहून जास्त मतांनी. प्रचाराचे ८० लाख डॉलर त्याने गोळा केले होते, बहुतेक ॲरिझोनाबाहेरून. त्याच काळात त्याचं एक स्वयंसेवक पथक ओबामांचा जन्मदाखला खोटा असल्याचं शोधत होतं.

मेलेंद्रेस खटला न्यायाधीश मरी स्नो यांच्यापुढे चालला. त्यांची नेमणूक धाकट्या बुशनी केलेली, वृत्तीने पुराणमतवादी. २४ मे २०१३ रोजी त्यांनी १४२ पानी निकाल दिला: शेरीफचं खातं वंशावरून माणसं थांबवतं, हे घटनेविरुद्ध आहे. मी तो पूर्ण वाचला. त्यातला सर्वांत बोलका पुरावा डेप्युटींचा नाही, नागरिकांचा आहे. सन सिटी या निवृत्तांच्या वसाहतीतल्या एका व्यक्तीने आर्पायोला लिहिलं होतं की इथल्या मॅकडॉनल्ड्समध्ये कामाची माणसं स्पॅनिश बोलतात. गुन्ह्याचा उल्लेख नाही. आर्पायोने पत्राबद्दल आभार मानले, ते मोहिमा आखणाऱ्या अधिकाऱ्याकडे धाडलं, आणि त्यानंतर लवकरच त्या भागात मोहीम झाली. अशी आणखीही पत्रं. आर्पायोने लोकांवर काही लादलं असं समजायला ही पत्रं वाव देत नाहीत. लोकांनी मागणी नोंदवली आणि माल घरपोच झाला. ज्यांच्या घरावर तो पोचला, त्यांना मत नव्हतं.

त्याच्या विरोधातले लोक मात्र कमालीचे चिकाटीचे निघाले. मोहीम कुठे आहे हे कळताच फोनची साखळी फिरायची. विद्यार्थी, बांधकाम मजूर, चर्चमधल्या बायका व्हिडिओ कॅमेरे घेऊन गाड्यांमागे जायच्या आणि प्रत्येक थांबवलेली गाडी टिपायच्या. वर्षानुवर्षं. घरच्यांना मेक्सिकोत पाठवून दिल्यावरही काही जण सुरूच ठेवत. शेवटी न्यायालयात जे उभं राहिलं ते तासन् तास उन्हात गोळा केलेल्या बारीकसारीक माहितीवर.

डिसेंबर २०११मध्येच स्नो यांनी तात्पुरता आदेश दिला होता: केवळ बेकायदा राहतो या संशयावरून कुणाला डांबू नका. आर्पायोची माणसं पुढे दीड वर्षं डांबत राहिली. दीडशेहून अधिक माणसं अशी केंद्राच्या हवाली झाली. न्यायालयाच्या या मनाईबद्दल आर्पायो कॅमेऱ्यापुढे सांगत असे की मी थांबणार नाही. अवमानाच्या सुनावणीत हेही बाहेर आलं की खात्याने एका खबऱ्याला पैसे देऊन न्यायाधीश आणि न्याय विभाग यांच्यातलं कारस्थान शोधायला लावलं होतं, आणि न्यायाधीशांच्या पत्नीने काय म्हटलं याचाही माग काढला होता. २०१६च्या मे महिन्यात दिवाणी अवमान सिद्ध झाला. फौजदारी अवमानाचा आरोप ऑक्टोबरमध्ये ठेवला गेला, मतदानाच्या दोन आठवडे आधी.

२०१६ची ती निवडणूक माझ्या नागरिकत्वानंतरची पहिली. आमच्या मतपत्रिकेवर राष्ट्राध्यक्ष पहिल्यांदा असतो आणि न्यायाधीश, पाणी खातं, शाळा बोर्ड असं खाली उतरत जावं लागतं. शेरीफ मधे कुठेतरी. बहुतेक माणसं वरच्या एका नावासाठी येतात आणि खाली पक्षाचं अक्षर बघून खूण करतात. त्या दिवशी मॅरिकोपाने ट्रम्पला जास्त मतं दिली आणि आर्पायोला मोठ्या फरकाने घरी पाठवलं. म्हणजे हजारो माणसांनी एक अक्षर सोडून नाव वाचलं. वर्षानुवर्षं काउंटी भरपाया देत होती, आता न्यायालयीन देखरेखीचा खर्चही वाढत चालला होता. कित्येकांना पैसा दिसला. लॅटिनो तरुणांनी दारोदार फिरून नोंदणी केलेले नवे मतदारही होते. मोहिमांच्या काळात शाळेत असलेली ती मुलं अठरा वर्षांची झाली होती.

नवा शेरीफ पॉल पेनझोन याने टेंट सिटी बंद केली. बंद करताना त्याने सांगितलं की हे तंबू कुणाला धाक घालत नव्हते. बरेच कैदी बंद कोठडीपेक्षा बाहेर राहणं पसंत करत.

३१ जुलै २०१७ रोजी न्यायाधीश सुझन बोल्टन यांनी आर्पायोला फौजदारी अवमानात दोषी ठरवलं. जास्तीत जास्त सहा महिन्यांची शिक्षा होऊ शकली असती. शिक्षा सुनवायच्या आधीच, २५ ऑगस्टच्या शुक्रवारी संध्याकाळी, टेक्ससवर चक्रीवादळ येत असताना, ट्रम्पने त्याला माफी दिली. बोल्टन यांनी खटला संपवला, पण दोषी ठरवणारा निर्णय पुसायला नकार दिला, आणि अपील न्यायालयानेही तो पुसला नाही. मला या एका गोष्टीचं फार मोल वाटतं. शिक्षा माफ झाली. घडलेलं घडलं नाही असं कुणी लिहिलं नाही.

त्यानंतर आर्पायो पुन्हा पुन्हा उभा राहिला. २०१८मध्ये सिनेटच्या प्राथमिक फेरीत तिसरा आला. २०२०मध्ये शेरीफपदासाठी आपल्याच जुन्या उजव्या हाताकडून, जेरी शेरिडनकडून, हरला. मग फाउंटन हिल्स या आपल्या गावी महापौरपदासाठी, नव्वदीत, दोनदा. पहिल्यांदा दोनशेच्या आसपास मतांनी पडला. तो विस्मरणात जावा असं मला वाटत नाही. त्याचा पराभव त्याच्या पद्धतीचा पराभव मानून लोकांनी निश्चिंत व्हावं, हेही नको. २०२४च्या नोव्हेंबरमध्ये मॅरिकोपाने शेरीफ निवडला तो जेरी शेरिडन, ज्याला २०१६मध्ये स्नो यांनी आर्पायोबरोबरच अवमानात दोषी धरलं होतं.

न्यायालयाने नेमलेला निरीक्षक खात्यात बसू लागला २०१४मध्ये. प्रत्येक थांबवलेल्या गाडीची नोंद, डेप्युटींच्या अंगावर कॅमेरे, तक्रारींची चौकशी, सगळं त्याच्या नजरेखाली. ही व्यवस्था रटाळ आहे आणि खर्चीक आहे. चांगल्या शेरीफलाही ती सोडत नाही: २०२२मध्ये स्नो यांनी पेनझोनलाही अवमानात दोषी ठरवलं, कारण डेप्युटींविरुद्धच्या दोन हजारांवर तक्रारींची चौकशी रखडली होती. आदेशानुसार खात्याला लोकांमध्ये जाऊन सभाही घ्याव्या लागतात, शाळांच्या सभागृहांत, स्पॅनिश दुभाष्यासह. मी जाते. तिथे कॅमेरे नसतात, गर्दीही नसते. भारतीय चेहरा क्वचित दिसतो, म्हणून या वेळी मंडळाच्या व्हॉट्सॲप गटात मी तारीख टाकली आहे आणि दोघी जणींनी येते म्हटलं आहे. माझा प्रश्न लिहून ठेवला आहे: तपासाविना पडलेल्या त्या चारशेहून जास्त फायलींतल्या किती मुलांपर्यंत शेवटी कुणी पोचलं, आणि ज्यांच्यापर्यंत पोचलं नाही त्यांची नावं आज खात्यात कोणाच्या टेबलावर आहेत?